ओढ्यातल्या कचऱ्याची वही

ओढ्याची सफाई आटोपली की बहुतेकजण काठावर येतात, हातमोजे काढतात, पाणी पितात आणि पोत्यांच्या ढिगासमोर उभं राहून फोटो काढतात. माझं काम तिथून पुढे सुरू होतं. आमच्या गटाची वही माझ्याकडे असते. ताडपत्री अंथरायची, भरलेली पोती तिच्यावर ओतायची आणि निघालेला माल वेगळा करत मोजायचा. बाटल्या, झाकणं, पिशव्या, थर्मोकोल, काच, चिंध्या, चपला, दोऱ्या, सिगारेटची थोटकं. नवीन आलेल्या माणसाला हे पटत नाही. एवढं वाकून वाकून भरलेलं पोतं पुन्हा ओतायचं? एकदा एका काकांनी मला सरळच विचारलं, "ताई, कचऱ्याची कसली मोजदाद? उचलला ना, विषय संपला."

त्या दिवशी काकांशी जे बोलले तेच इथे जरा सविस्तर लिहिते, कारण हा प्रश्न प्रत्येक सफाईला कोणी ना कोणी विचारतंच.

'आज चाळीस पोती निघाली' हे ऐकायला भारदस्त वाटतं. पण ओढ्यातून काढलेल्या पोत्यात चिखल असतो, पाणी असतं, कधी एकच भिजलेली गादी असते. पुढच्या खेपेला पुन्हा चाळीस पोती निघाली तर ओढा सुधारला की बिघडला? पोत्यांवरून काही कळत नाही. झाकणं किती, थोटकं किती, कुठल्या टप्प्यात किती, हे लिहिलं तरच ओढा कुठे आणि कशाने घाण होतोय ते दिसायला लागतं. आणि ते दिसलं नाही तर आपण आयुष्यभर वाकत राहू, वरून येणारं येतच राहील.

ही पद्धत आमच्या डोक्यातून निघालेली नाही. १९८६ साली अमेरिकेत टेक्सासच्या किनाऱ्यावर लिंडा मॅरॅनिस आणि कॅथी ओ'हारा या दोघींनी लोकांना सफाईसाठी बोलावलं. जवळजवळ २,८०० लोक आले. दोघींचा आग्रह असा की उचललेली प्रत्येक वस्तू कागदावर नोंदवायची. आज 'इंटरनॅशनल कोस्टल क्लीनअप' म्हणून जे जगभर चालतं त्याची सुरुवात ती. कित्येक वर्षं त्यांच्या यादीत पहिला क्रमांक सिगारेटच्या थोटकांचा होता. २०१९च्या मोजणीत पहिल्यांदाच खाऊच्या वेष्टनांनी थोटकांना मागे टाकलं. हे आपल्याला आज ठाऊक आहे, कारण कोणीतरी दरवर्षी ओल्या हातांनी पेन्सिल धरून रेघा मारत होतं.

आमच्या ताडपत्रीवर मात्र एका वेगळ्याच वस्तूचा ढीग मोठा असतो. पाउचचा फाडलेला कोपरा. कुठलंही पाउच उघडताना आपण बोटांनी किंवा दातांनी एक त्रिकोणी तुकडा काढतो, तो. नखाएवढा असतो. एका बाजूने चंदेरी, दुसऱ्या बाजूला रंगीत छपाईचं अर्धं अक्षर, एका कडेला बारीक दाते. पाउच एक वेळ कचरापेटीत जातं, कोपरा मात्र माणूस उभा असतो तिथेच पडतो. झाडूच्या काड्यांतून निसटतो, वाऱ्याने उडतो, पाण्यावर तरंगतो आणि ओढ्याकाठच्या गवताच्या मुळांत जाऊन अडकतो. प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचे पातळ थर एकमेकांना चिकटवलेले असल्यामुळे त्याचा पुनर्वापरही होत नाही. मोठं पोतं भरायला निघालेला माणूस त्याच्यासाठी वाकत नाही, आणि वाकला तरी हातमोजा घालून तो उचलता येत नाही. आमच्याकडे हे काम लहान मुलं करतात. गुडघ्यांवर बसून, चिमट्याने, कमालीच्या चिकाटीने.

या कोपऱ्यांचा एक मोठा उपयोग आहे. पाउच वाहत कुठूनही येईल, पण काठावरच्या कोरड्या मातीत कोपरे दाटीने पडलेले असतील तर माणसं तिथेच उभी राहतात हे नक्की. आमच्या वहीत ते पादचारी पुलाच्या एकाच टोकाला जास्त दिसत होते. कचरापेटी होती, पण दुसऱ्या टोकाला. ती उचलून अलीकडे आणून ठेवली. कोपरे थांबले नाहीत, पण कमी झाले. त्या आधी कितीतरी दिवस तिथे 'कचरा टाकू नये' अशी पाटी लावलेली होती आणि ती पाटी वाचतच लोक पाउच फाडत होते.

थोटकांबद्दलही थोडं लिहायला हवं, कारण सुशिक्षित माणसंसुद्धा त्यांना कापूस समजतात. सिगारेटचं फिल्टर सेल्युलोज ॲसिटेटचं असतं, म्हणजे प्लास्टिकच. धुरातलं जे जे त्यात अडकलं ते पाण्यात उतरतं. कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एक लिटर पाण्याला साधारण एक ओढलेलं थोटूक एवढ्या प्रमाणातला अर्क चार दिवसांत निम्मे मासे मारायला पुरेसा ठरला. गटारीच्या जाळीतून खाली टाकलेलं थोटूक 'गेलं' असं वाटतं. पण पावसाचं पाणी वाहून नेणाऱ्या गटारी बहुतेक ठिकाणी शुद्धीकरण केंद्राकडे जातच नाहीत, थेट ओढ्यात किंवा नदीत उघडतात. रस्त्यावरचं प्रत्येक थोटूक एका पावसाच्या अंतरावर आहे. म्हणूनच वर्षातून एकच सफाई जमणार असेल तर ती पावसाळ्याच्या तोंडावर करावी असं मी सगळ्यांना सांगते. कोरड्या महिन्यांत साचलेलं सगळं पहिल्या जोरदार सरी एका दमात ओढून नेतात. नंतर सफाई करणं म्हणजे उरलंसुरलं वेचणं.

आता थर्मोकोलची गोष्ट. ओढ्याचे आम्ही वहीत तीन टप्पे पाडले आहेत: वरचा, मधला, खालचा. वरच्या टप्प्यात थर्मोकोलच्या ओळीत जेमतेम दोन-चार रेघा असायच्या. मधल्या टप्प्यात पान भरायचं. मोठे तुकडे नव्हेत, सुटे दाणे, काठाच्या फेसात मिसळलेले. म्हणजे दोन टप्प्यांच्या मधे कुठूनतरी ते पाण्यात येत होते. आम्ही तिघीजणी एका सकाळी पोती न घेता, नुसती वही घेऊन काठाने चालत गेलो. झुडपांआड एक गटारीचं तोंड सापडलं. त्याखालच्या दगडांवर पांढरा थर बसलेला. गटारीच्या वरच्या अंगाला सामान उतरवण्याची जागा होती, तिथे वेष्टनं फोडायची आणि जागा पाण्याने धुऊन काढायची अशी रीत. तिथल्या कामगारांना हे पाणी पुढे कुठे जातं याची कल्पनाच नव्हती. त्यांच्यापैकी एकाला आम्ही खाली घेऊन आलो. त्याने बराच वेळ ते दगड पाहिले आणि म्हणाला, "रोज मीच धुतो." दुसऱ्या दिवसापासून तो आधी झाडून घ्यायला लागला.

त्याच्या मालकाचं मन वळवायला जास्त वेळ लागला आणि गटारीच्या तोंडाला जाळी बसवायची परवानगी ज्या कार्यालयाकडून हवी होती तिथे तर फारच. पहिल्या अर्जाचं उत्तर आलं नाही. दुसऱ्या वेळी 'ओढ्यात कचरा येतो' असं न लिहिता आम्ही वहीच्या पानांच्या प्रती जोडल्या. तारीख, टप्पा, वस्तू, नग, आणि गटारीच्या तोंडाचं छायाचित्र. समोरच्या बाईंनी पानं उलटली, एका आकड्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे तुम्ही दर वेळी मोजता?" त्या दिवशी पहिल्यांदा कोणीतरी आम्हाला खुर्ची दिली. जाळी बसली.

अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये हेच काम फार मोठ्या प्रमाणावर चाललेलं आहे. जोन्स फॉल्स नावाचा प्रवाह जिथे बंदरात शिरतो तिथे २०१४ पासून एक चाक बसवलेलं आहे. पाण्याचा जोर आणि सूर्यप्रकाश यांवर ते फिरतं आणि वाहत आलेला कचरा पट्ट्यावरून वर उचलून एका तराफ्यावरच्या पेटीत टाकतं. त्याला दोन मोठे डोळे बसवलेत आणि 'मिस्टर ट्रॅश व्हील' असं नावही आहे, मुलांना ते फार आवडतं. मला आवडतं ते हे की ते लोक पेटीत काय काय निघालं याचा हिशेब ठेवतात. थर्मोकोलच्या डब्यांवर बंदी मागणाऱ्यांनी हे आकडे पुढे केले, आणि मेरीलँड राज्यात २०२० साली ती बंदी लागू झाली. एकदा बंदी आली की त्यातला बराचसा माल चाकापर्यंत पोहोचतच नाही.

'आपला ओढा केवढा, त्याने समुद्राचं काय बिघडणार' असं म्हणणारे भेटतात. त्यांना मी २०२१चा एक अभ्यास सांगते. आधी समज असा होता की समुद्रातलं नद्यांमार्गे आलेलं प्लास्टिक मुख्यतः मोजक्या महाकाय नद्यांतून येतं. या अभ्यासाने दाखवलं की ८० टक्के प्लास्टिक हजाराहून जास्त नद्यांतून येतं, आणि त्यात दाट वस्तीतून वाहणाऱ्या लहान नद्यांचा वाटा मोठा आहे. ही वाईट बातमी आहे हे खरं, पण आमच्यासारख्यांना तिच्यात काम दिसतं. महाकाय नदीला दहा माणसं काय करणार? ओढ्याला दहा माणसं पुष्कळ होतात.

वहीच्या डाव्या पानावर कचरा, उजव्या पानावर जिवंत काय दिसलं ते. ही माझी सर्वात लाडकी बाजू आहे आणि गटात यावरूनच सगळ्यात जास्त वाद होतात. उत्साही माणसाला ओढा 'चकाचक' करायचा असतो. पोत्यात तो कुजकी पानं भरतो, आडवी पडलेली फांदी ओढून काढतो, काठचं गवत उपटतो. मग मला त्याला थांबवावं लागतं. पाण्यातला पानांचा थर म्हणजे तिथल्या किड्यांचं अन्न. आडव्या फांदीमागे पाणी संथ होतं आणि तिथे माशांची पिल्लं राहतात. गवताच्या मुळांनी काठ धरून ठेवलेला असतो आणि वरून येणारा गाळही तेच अडवतं. काठात खोल रुतलेली पिशवीसुद्धा जोर लावून उपटायची नाही, तिच्यासोबत मातीचा लगदा निघतो आणि पुढच्या पुरात तिथूनच काठ खचतो. मातीच्या पातळीला कात्रीने कापायची, आतलं तसंच राहू द्यायचं. असं अर्धवट सोडणं जिवावर येतं, पण काठ महत्त्वाचा.

पाण्यातला एक दगड उचलून उलटा करा. चांगल्या पाण्यात त्याच्या खालच्या बाजूला चपटा, दगडाच्याच रंगाचा किडा चिकटलेला असतो, मागे बहुधा तीन लांब शेपट्या. नीट पाहिलं तर पोटाच्या दोन्ही कडांना पिसांसारखे कल्ले सतत हलताना दिसतात. ही मेफ्लाय नावाच्या उडणाऱ्या कीटकाची अळी. पाण्यात प्राणवायू कमी झाला की ती पहिल्यांदा नाहीशी होणाऱ्यांपैकी. तिच्या जागी चिखलात लाल, धाग्यासारख्या वळवळणाऱ्या अळ्या वाढल्या तर समजावं की पाणी गुदमरतंय. त्यांच्या अंगातला लाल रंग हिमोग्लोबिनचा, त्यामुळे त्या कमी प्राणवायूतही तगतात. उपकरण नसलेल्या माणसालाही एवढी परीक्षा करता येते. दगड परत त्याच बाजूने, हळू ठेवायचा.

कॅडिसफ्लाय नावाच्या दुसऱ्या एका कीटकाची अळी आणखी वेगळी. ती स्वतःभोवती वाळूचे कण आणि काड्या रेशमाने जोडून नळीसारखं घर बांधते. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी संग्रहालयात जपून ठेवलेली अशी जुनी घरं तपासली, तेव्हा १९७१ साली गोळा केलेल्या घरातही प्लास्टिकचे कण सापडले. पन्नास वर्षांपूर्वीच्या एका अळीने वाळूचा कण समजून माणसांनी टाकलेलं प्लास्टिक घराच्या भिंतीत बसवलं होतं. हे वाचल्यापासून ताडपत्रीवरचे ते नखाएवढे कोपरे मी जास्तच काळजीने वेचते. आज न उचललेला कोपरा उद्या चुरा होऊन असाच कुणाच्या तरी घरात जाणार.

मोठ्या, एक दिवसाच्या मोहिमांविरुद्ध मी नाही. २००८ साली एस्टोनियात पन्नास हजार माणसांनी एका दिवसात दहा हजार टन बेकायदा टाकलेला कचरा उचलला, आणि आजच्या जागतिक स्वच्छता दिनाचं मूळ तिथलं आहे. पण त्या दिवसाच्या आधी कार्यकर्त्यांनी देशभर फिरून कचऱ्याच्या हजारो जागा नकाशावर नोंदवल्या होत्या, हा भाग सांगताना गाळला जातो. तसंच मुंबईच्या वर्सोवा किनाऱ्याचं. अफरोज शाह या वकिलांनी २०१५ साली एका वयोवृद्ध शेजाऱ्याला सोबत घेऊन तिथे सफाई सुरू केली आणि मग दर आठवड्याला लोक येत राहिले. २०१८ साली त्या वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवाची पिल्लं समुद्राकडे गेली. पुढे शाह मिठी नदीकडे वळले. किनाऱ्यावर येणारा माल कुठून येतो हे किनारा साफ करणाऱ्यालाच आधी कळतं, आणि मग त्याचे पाय आपोआप वरच्या बाजूला वळतात.

गट सुरू करू पाहणाऱ्यांना मी सर्वात आधी विचारते, पोती उचलायला गाडी कधी येणार? हे ठरलेलं नसेल तर तारीखच ठरवू नका. काठावर रात्रभर ठेवलेली पोती कुत्री फाडतात, पाऊस आला तर सगळं पुन्हा पाण्यात. चिखलाने माखलेलं प्लास्टिक भंगारवालेही सहसा घेत नाहीत, त्यामुळे धुऊन निघेल ते वेगळं आणि बाकीचं कुठे जाणार ते आधी बोलून ठेवावं लागतं. जाड तळव्याचे बूट हवेत, चप्पल नको. सुई दिसली तर हाताने उचलायची नाही, चिमट्याने कडक बाटलीत टाकून झाकण लावायचं. बंद पिंप सापडलं तर उघडायचं नाही, हलवायचंही नाही, संबंधितांना कळवायचं. पाऊस पडून गेल्यावर दोन-तीन दिवस पाण्यात उतरायचं नाही. अंगावर जखम असेल तर काठावरच थांबायचं. लेप्टोस्पायरोसिस, म्हणजे घाण पाण्यातून जखमेवाटे अंगात शिरणारा आजार, ही गमतीची गोष्ट नाही. जखम झालेल्यांनी वही लिहावी, तिथेही माणसं कमीच असतात.

परवा त्या काकांनी स्वतःहून ताडपत्री अंथरली. आता झाकणांची ओळ त्यांच्याकडे आहे, आणि दुसऱ्या कोणी एखादी रेघ जास्त मारली तर ते पुन्हा मोजायला लावतात.

सध्या आमच्यापुढे काम आहे ते जाळीचं. जाळी बसवणं सोपं होतं, ती रिकामी ठेवणं अवघड आहे. प्रत्येक मोठ्या पावसानंतर तिच्यात पानं आणि माल अडकतो, वेळेवर काढला नाही तर पाणी तुंबून रस्त्यावर येतं. मग लोक तक्रार करणार आणि जाळी काढली जाणार. त्यासाठी पाळ्या लावतो आहोत. पानं वेगळी करून काठावर पसरायची, बाकीचं मोजून पोत्यात, आणि वहीत नोंद. अर्ध्या तासाचं काम आहे, दोघंजण पुरतात. काही पाळ्या अजून रिकाम्या आहेत. ज्यांना रविवारी सफाईला येणं जमत नाही त्यांनी निदान एक पाळी घ्यावी. लांब दांड्याचा पंजा आणि वही पुलाजवळच्या पेटीत ठेवलेली असते.